दोन डाव्या बाह्या

त्या गुरुवारी टेलर मास्तरांचा मुलगा वडिलांचा हात धरून दवाखान्याच्या पायऱ्या चढला, तेव्हा त्याला फक्त एक चिठ्ठी हवी होती. पण त्या एका चिठ्ठीत त्याचे तीन फायदे होते. एक म्हणजे वडिलांना ज्येष्ठांच्या निवासात जागा मिळाली असती आणि त्याला सलग झोप. दुसरा, परक्या शहरातल्या तयार कपड्यांच्या कारखान्यात मुख्य कटरची जागा महिनाअखेरपर्यंत त्याच्यासाठी राखून ठेवली होती, ती हाती आली असती. आणि तिसरा, वडिलांच्या काळजीने येणारे ताईचे रोजचे फोन थांबले असते. तिसऱ्या फायद्याचं वजन पहिल्या दोन्हींपेक्षा जास्त होतं, पण हे तो कुणाला बोलून दाखवणार नव्हता.

चिठ्ठीत एवढंच हवं होतं, की यांची स्मरणशक्ती खालावली आहे, यांना एकटं ठेवू नये. आणि ते खोटंही नव्हतं. चाळीस वर्षं अख्ख्या गावाच्या खांद्यांची मापं डोक्यात बाळगणाऱ्या मास्तरांनी दोन महिन्यांपूर्वी एका नवरदेवाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या होत्या. लग्नाच्या आदल्या दिवशी ते उघडकीला आलं. तेव्हापासून मास्तरांची कात्री कुलपात होती आणि मास्तर दुकानाच्या कोपऱ्यात.

हा दवाखाना फक्त वय झालेल्यांचा. तिथल्या खुर्च्यांना हात होते, घड्याळातले आकडे बशीएवढे होते आणि कुणी कुणाला 'चला, लवकर' म्हणत नसे. एक नियम मात्र कडक होता. पहिल्या भेटीला येताना घरातली एकूण एक गोळी पिशवीत घालून आणायची. रोजची, कधीमधीची, शेजाऱ्यांनी दिलेलीसुद्धा. त्या गोळ्या टेबलावर मांडून कुठली कशासाठी, कुणी सांगितली आणि अजून का चालू आहे, हे बघायचं काम एका तरुण औषधतज्ज्ञ मुलीकडे होतं. सगळा दवाखाना तिला चाळणी म्हणायचा.

तर त्या दिवशी चाळणीला उशीर झाला होता. ती लिफ्टमधून तरातरा बाहेर पडली, आणि समोरून येणाऱ्या माणसाच्या हातातला डबा तिच्या कोपराने उडवला. फरशीभर पांढरं, पिवळं, गुलाबी काहीतरी टपटपत पसरलं.

"अगंबाई… बटणं!"

"गोळ्या," तो शांतपणे म्हणाला.

दोघं गुडघ्यांवर बसली. डबा खरोखर बटणांचाच होता. पारदर्शक, आत छोटे छोटे कप्पे.

"गोळ्या बटणांच्या डब्यात कोण ठेवतं?"

"शिंपी." तो एक गुलाबी गोळी उचलत म्हणाला. "रंग बघून, आकार बघून. दर रविवारी मी स्वतः पाकिटातून काढून लावतो. यात एक चूक काढून दाखवा."

"आव्हान देताय?"

"नाही हो… आत्मविश्वास म्हणतात याला."

भिंतीलगतच्या खुर्चीवरून मास्तर जड आवाजात म्हणाले, "पांढऱ्या सारख्या नाहीत."

"सारख्याच आहेत, आप्पा." मुलाचा आवाज प्रेमळ होता, पण ज्याचं म्हणणं आपण मोजणं सोडलं आहे त्याच्याशी बोलताना येतो तसा. मास्तरांनी मान हलवली, आणि आपण काय म्हणत होतो हे विसरून खिडकीकडे बघत राहिले.

शेवटची गोळी बाकाखाली होती. तिचा हात आणि त्याचा हात एकदमच तिथे पोचले.

"तुमच्या एप्रनची बाही दीड इंच मोठी आहे," तो म्हणाला.

"बाही दवाखान्याची आहे. गोळी सोडा."

"तुम्ही आधी सोडा…"

तिने सोडली नाही. त्यानेही नाही. नोंदणीच्या टेबलावरच्या मावशी खाकरल्या, तेव्हा दोघांनी एकदम सोडली.

टेबलाशी आल्यावर तिने सगळ्या पांढऱ्या गोळ्या निळ्या थाळीत ओतल्या आणि ती अंगठ्याने एकेक सरकवायला लागली. बाकाखालची ती गोळी तिच्या बोटांना आठवत होती. तिच्या मधोमध एक बारीक रेघ होती. काही गोळ्यांवर ती होती, काहींवर नव्हती. आकार तोच, रंग तोच. तिने भिंग काढलं.

"रिकामी पाकिटं आहेत?"

"शिंपी काही टाकून देत नाही," म्हणत त्याने पिशवीतून पाकिटांचा गठ्ठा काढला.

मग पुढची दहा मिनिटं ती गोळ्या आणि पाकिटं जुळवत राहिली. रेघवाली गोळी रक्तदाबाची, सकाळ-संध्याकाळ एक. बिनरेघेची अंगाच्या खाजेवरची, चार महिन्यांपूर्वी दहाच दिवसांसाठी लिहून दिलेली. रोज झोपताना एक, कारण ती घेतली की माणसाला गुंगी येते. दहा दिवस उलटले तरी पाकीट संपलं की नवं आणणं चालूच राहिलं होतं. आणि दोन्ही एकाच कप्प्यात पडत होत्या. म्हणजे मास्तर कधी सकाळीसुद्धा गुंगीचीच गोळी घेत होते, संध्याकाळी तीच, झोपताना पुन्हा तीच… आणि रक्तदाबाच्या गोळीची पाळी आली तर आली.

अशा बातम्या चाळणी एरवी एका दमात सांगून मोकळी व्हायची. आज तिने पेन्सिलीला दोनदा टोक केलं. कारण गुन्हेगार समोरच बसला होता, आणि त्याचं सगळं लक्ष वडिलांच्या गळ्याशी मफलर सारखा करण्यात होतं.

"डबा दर रविवारी तुम्हीच लावता ना?"

"मीच."

"मग… तुम्हालाच सांगावं लागेल." तिने भिंग आणि थाळी त्याच्यापुढे सरकवली.

तो बराच वेळ वाकून बघत राहिला. त्याचे कान लाल झाले.

"म्हणजे त्या दोन डाव्या बाह्या आप्पांनी नाही लावल्या."

"त्यांनीच लावल्या. पण अर्धवट झोपेत."

"आणि झोपवलं मी."

खोटं समाधान करायचं नाही, असा तिचा नियम होता. "हो," ती म्हणाली. "पण ही झोप उतरते. सगळं त्याच गोळीने झालंय की अजून काही आहे, ते आज नाही कळणार. पण… आशा धरायला जागा आहे. चांगली ऐसपैस आहे."

मास्तर खुर्चीत हलले. "मी म्हटलं होतं. पांढऱ्या सारख्या नाहीत."

मुलाने भिंग खाली ठेवलं. "हो, आप्पा. तुम्ही म्हटलं होतं."

डॉक्टरबाई स्वतः पांढऱ्या केसांच्या होत्या. त्यांनी मास्तरांना तपासलं, थाळी बघितली आणि चिठ्ठीचा कागद खणात परत ठेवला. "ही गोळी आजपासून बंद. डबा इथे जमा. दर गुरुवारी यायचं आणि तीन आठवड्यांनी चाचणी. चिठ्ठीचं तेव्हा बघू."

"पण महिनाअखेरला मला…"

"महिनाअखेर तुमची आहे. यांची नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि विषय संपला.

पुढच्या गुरुवारी मास्तर आले ते मावशींपुढे थांबले. "खिशाची शिवण उसवलीय तुमची." मावशींनी खिसा चाचपला. खरंच उसवली होती. त्या कौतुकाने दिवसभर सगळ्यांना खिसा दाखवत फिरल्या.

मुलाने डब्याऐवजी कापडी गुंडाळी शिवून आणली होती. दोन मोठे खिसे, एकावर पिवळ्या दोऱ्याने 'सकाळ', दुसऱ्यावर निळ्याने 'संध्याकाळ'. आत गोळ्या पाकिटासकट.

चाळणीने गुंडाळी उलटी धरून झटकली. एकही पाकीट पडलं नाही.

"शिवण पसंत आहे?" त्याने विचारलं.

"आहे."

"आणि शिवणारा?"

"त्याची तपासणी अजून चालू आहे."

"किती दिवस चालते?"

"जुना आजार असेल तर… बरेच दिवस."

"आजार नवाच आहे हो," तो म्हणाला. "गेल्या गुरुवारी जडलाय."

ती वहीत काहीतरी लिहायला लागली. काय लिहिलं ते तिचं तिलाही नंतर वाचता आलं नाही.

दुसऱ्या गुरुवारी मास्तरांचे डोळे स्वच्छ उघडे होते. त्यांनी चाळणीकडे नखशिखांत पाहिलं आणि म्हणाले, "पोरी, तुझा डावा खांदा उतरलाय. पिशवी सतत त्याच खांद्यावर घेतेस ना?"

ती हसली. मुलगा खाली औषध आणायला गेला होता. मास्तर पुढे झुकले.

"मी बरा झालो की हा जाणार. कारखान्यात मोठी जागा आहे. जावंच त्याने. माझ्यापायी अडकून पडलाय पोरगा."

मग तिने मनातल्या मनात हिशेब मांडला. मास्तर बरे झाले नाहीत तर चिठ्ठी मिळणार, मास्तर निवासात जाणार आणि हा जाणार. बरे झाले तर निर्धास्तपणे जाणार. कसंही मांडा, शेवटी हा जाणारच होता. आणि तो दिवस जवळ आणायला ती स्वतःच दर गुरुवारी टेबल पुसून तयार बसत होती.

तिने गुंडाळीतल्या गोळ्या मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. दोन्ही वेळा बरोबर भरल्या. मन थाऱ्यावर नसलं तरी चाळणीची मोजदाद चुकत नव्हती, आणि त्या दिवशी तिला याचा जरासा रागच आला. तो वर आला तेव्हा ती तुटकपणे म्हणाली, "सगळं ठीक आहे. या तुम्ही." त्याने दारात दोनदा मागे वळून पाहिलं. तिने एकदाही मान वर केली नाही… म्हणजे, एकदा केली. पण तोवर दार लागलं होतं.

तिसरा गुरुवार चाचणीचा. डॉक्टरबाईंनी मास्तरांना तीन शब्द सांगितले, किल्ली, नदी, टोपी. मग कागद पुढे केला. घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. मास्तरांनी पेन्सिल खडूसारखी धरली आणि एका फेऱ्यात असं वर्तुळ मारलं, की डॉक्टरबाईंनी कागद उचलून पाहिला. काटे बरोबर बसले.

"आता ते तीन शब्द?"

"किल्ली," मास्तर म्हणाले. "नदी…"

आणि थांबले.

मुलाने खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. चाळणी दारात उभी होती, हातात कुणाच्या तरी गोळ्या होत्या. एका क्षणापुरतं तिला सगळं विसरायला झालं, कारखाना, महिनाअखेर, सगळं. आठवा ना, मास्तर… आठवा…

"टोपी," मास्तर म्हणाले. "मी टोप्या शिवत नाही, म्हणून जरा वेळ लागला."

आधी डॉक्टरबाई हसल्या, मग दाराबाहेर कान लावून बसलेल्या मावशी. मुलगा मात्र खुर्चीची पाठ धरून तिथेच खाली बसला आणि त्याने डोळ्यांवर हात घेतला. मास्तरांनी त्याच्या डोक्यावर थोपटलं. "अरे, मी ठीक आहे. तुझं काय झालं?"

डॉक्टरबाईंनी खणातून कागद काढला. "चिठ्ठी हवी होती ना तुम्हाला? घ्या."

त्याने वाचली. लिहिलं होतं: 'यांच्या हाती कात्री देण्यास हरकत नाही.'

बाहेर व्हरांड्यात चाळणी भिंतीवरची सूचना वाचत उभी होती. ती सूचना तिनेच लावलेली होती. तो जवळ आला आणि त्याने कागदात गुंडाळलेलं काहीतरी पुढे केलं.

"काय आहे?"

"दीड इंच."

आत एप्रन होता. पांढराशुभ्र, खोल खिशाचा, डाव्या खांद्याला आतून बारीकशी गादी लावलेला. तिने तो अंगात घातला. बाही बरोबर मनगटावर येऊन थांबली.

"माप कधी घेतलंत माझं?"

"दर गुरुवारी. टेप तेवढी लावली नाही."

तिने गुंडी लावायला खाली बघितलं, कारण वर बघण्यात धोका होता. "छान झालाय. कारखान्यात… नाव काढाल तुम्ही."

"कोणत्या कारखान्यात?"

"आप्पांनी सांगितलंय मला. उद्या शेवटचा दिवस ना?"

"तिकडे दुसऱ्या गुरुवारीच नाही म्हणून कळवलं."

तिने झटकन वर बघितलं. "दुसऱ्या? अहो, तेव्हा आप्पांचं काहीच ठरलं नव्हतं!"

"आप्पांचं नव्हतं," तो म्हणाला. "माझं ठरलं होतं. तुम्ही त्या दिवशी माझ्याकडे बघितलंच नाहीत. खाली रस्त्यावर येऊन उभा राहिलो आणि कळलं, की न बघितल्याचा एवढा त्रास होतोय, तर दुसऱ्या शहरात मी काय कापड कापणार… सगळ्यांना दोन-दोन डाव्या बाह्या लावीन."

व्हरांड्याच्या टोकाकडून मास्तरांनी हाक मारली, "उजवी बाही उजवीकडेच आहे ना रे?"

"बघून सांगते, आप्पा!" तीच ओरडली. मग दोन्ही हात पुढे धरून तिने अगदी गंभीरपणे पाहणी केली. "डावी उत्तम आहे. उजवीत काहीतरी… पुन्हा बघायला लागेल. पुढच्या गुरुवारी ये."

"ये?" त्याने विचारलं. तीन आठवडे ते 'या' होतं.

"ऐकू कमी येतं का तुला? त्याचीही तपासणी होते इथे."

आता कुणाच्या पदरात काय पडलं ते बघू. झोपेसाठी आलेल्याची उरलीसुरली झोपही उडाली. कारखान्यातली जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. ताईचे फोन थांबले नाहीत, दिवसाला दोन झाले. एक आप्पांसाठी आणि एक 'ती काय म्हणते?' विचारायला. तरी तो शिट्टी वाजवत दुकान उघडतो. मास्तरांना कात्री मिळाली, मावशींचा खिसा शिवून मिळाला, आणि चाळणीला आयुष्यात पहिल्यांदा मापाची बाही मिळाली.

या सगळ्याचा भुर्दंड पडला फक्त त्या नवरदेवाला. ऐनवेळी तो मेहुण्याच्या कोटात लग्नाला उभा राहिला, आणि मेहुणा होता काडीसारखा. मास्तरांनी आता त्याला नवा कोट शिवून दिलाय, अगदी अंगाबरोबर बसणारा. पण लग्नाचे फोटो काही पुन्हा काढता येत नाहीत. त्यातल्या प्रत्येकात बिचारा श्वास रोखून उभा आहे.