गौराई तलावाची ओहोटी

"फुकट! नाहीतर दहा रुपयांच्या आत!" अर्पितानं पेन वहीवर आपटलं. "याच्या वरचं ठिकाण कुणी सुचवायचंच नाही."

"मग नळदुर्ग गेलं," युसरा म्हणाली. "एसटीचं भाडंच त्याच्या वर जातं."

"तुम्हाला काय! मुलींना अर्धं तिकीट. सैफ लहान, त्याला अर्धं. पूर्ण तिकीट मला एकट्याला!" मल्लिनाथ कुरकुरला. जूनमध्ये त्याला बारा वर्षं पूर्ण झाली होती आणि ते दुःख अजून ताजं होतं.

मुरुममध्ये, युसराच्या घराच्या ओट्यावर ही बैठक चालली होती. दिवाळीच्या सुट्टीचा तिसरा दिवस. वर्गातली निम्मी मुलं मोठ्या बसनं समुद्र बघायला गेली होती. या चौघांच्या घरी ते परवडणारं नव्हतं, आणि त्यावर रडत बसणं अर्पिताला जमत नसे. तिनं सरळ यादी करायला घेतली होती.

"मला समुद्रच बघायचाय," सैफ म्हणाला. युसराचा हा भाऊ नऊ वर्षांचा होता आणि हट्टाला पक्का होता.

"गौराई तलाव!" मल्लिनाथनं चुटकी वाजवली. "तीन किलोमीटर. सायकलनं खर्च शून्य. यंदा काठोकाठ भरलाय."

"त्याचा पलीकडचा काठ दिसतो. समुद्राचा दिसत नाही."

"मग डोळे बारीक कर की!"

अर्ध्या तासात चौघं तलावावर होते. ऊन लख्ख पडलं होतं. दगडी पायऱ्यांवर पाण्याच्या लहान लाटा चुबुक चुबुक वाजत होत्या. बांधावरच्या खोलीतून बब्रुवानकाका बाहेर आले. पंचवीस वर्षं ते या तलावाचे राखणदार होते. पाणी सोडायचं दार उघडणं आणि मिटणं, हे त्यांचं काम.

"पायरीवरच बसा बरं का! पाण्यात उतरायचं न्हाय!" त्यांनी नेहमीप्रमाणे दम दिला, पण आज आवाजात जोर नव्हता.

"समुद्राला भरती-ओहोटी असते," सैफनं आठवण करून दिली.

"मग मोजूया!" अर्पिता म्हणाली. तिनं पाण्याच्या कडेला, पायरीच्या दगडावर कोळशानं रेघ मारली आणि वहीत लिहिलं : बुधवार, सकाळी दहा.

गुरुवारी सकाळी दहाला ते परत आले, तेव्हा पाणी रेघेच्या चार बोटं खाली होतं.

"ओहोटी!" सैफ नाचायला लागला.

अर्पिता नाचली नाही. "एका दिवसात चार बोटं? एवढ्या मोठ्या तलावात?"

"उन्हानं आटलं असेल," मल्लिनाथ म्हणाला.

"असेल म्हणून चालत नाही. बघायला पाहिजे."

ती बादली मागायला बब्रुवानकाकांच्या खोलीकडे गेली. दारात त्यांची बायको धुरपदाबाई शेंगा फोडत बसली होती. तिचे डोळे लाल झाले होते.

"काय झालं, काकू?"

"काय व्हायचंय, बाई! तळ्याचं पाणी रोज उतरायलंय. पाणीवाटप सोसायटीवाले म्हणत्यात, राखणदारच गुपचूप दार उघडून पाणी विकतोय. ह्यांच्यावर आळ! आज सकाळी दार उघडायच्या चाकाला कुलूप लावून गेले. रविवारी अकराला हितंच बैठक हाय. नोकरीवरनं काढणार म्हणं. अन् ही खोलीबी जाणार."

काका आत भिंतीकडे तोंड करून बसले होते. ते एवढंच म्हणाले, "दार मिटलेलं हाय. म्या सांगून थकलो."

मग अर्पितानं बादली उचलली.

"रविवारला तीन दिवस आहेत," ती म्हणाली. "पाणी कुठं जातं ते आपण शोधायचं."

"आणि सुट्टी?" मल्लिनाथनं विचारलं.

"ही सुट्टीच आहे. आणि फुकट आहे!"

त्यांनी बादली पाण्यानं भरून पायरीवर उन्हात ठेवली आणि आत रेघ मारली. शुक्रवारी सकाळी बादलीतलं पाणी जेमतेम नखभर उतरलं होतं. तलाव मात्र पुन्हा चार बोटं खाली गेला होता.

"म्हणजे ऊन निर्दोष!" मल्लिनाथनं निकाल दिला. "मग मोटारी. काठावरचे शेतकरी पाणी ओढत असतील."

"तेही उद्या कळेल," युसरा म्हणाली. "आज दिवसभर आणि रात्रभर वीज नाही. तारा बदलतायत. मामूंनी सांगितलं. बिनविजेची मोटार कोण चालवणार?"

शनिवारी सकाळी चौघंही पायरीवर पालथे पडून रेघ बघत होते. चार बोटं. ना कमी, ना जास्त.

"ऊन नाही, मोटारी नाहीत," अर्पितानं वहीत दोन्हीवर काट मारली. "राहिलं दार. काका म्हणतात ते मिटलंय. पण दारातून सुटलेलं पाणी बाहेर कुठं पडतं?"

पूर्वी बांधापलीकडे उघडा कालवा होता. गेल्या वर्षी त्या जागी जमिनीखालून मोठा पाइप टाकला होता. त्यामुळे दारातून पाणी सुटतंय की नाही, हे बांधावरून दिसायचा प्रश्नच नव्हता. पाइपाच्या वाटेवर ठरावीक अंतरानं पांढरे दगड रोवलेले होते. मुलं दगड मोजत निघाली. बाराव्या दगडापुढं वाट संपली. समोर ओढा आणि माणसाहून उंच बेशरमाची झुडपं.

"शूऽऽ!" सैफनं हात वर केला. "ऐका!"

खळखळ! आतून पाण्याचा आवाज येत होता.

मल्लिनाथनं काठीनं झुडपं बाजूला केली. पाइपाच्या तोंडातून मांडीएवढी जाड धार ओढ्यात पडत होती!

"हे पाणी जातं कुठं?" सैफनं विचारलं.

"ओढ्यातून नदीला आणि नदीतून कर्नाटकात," मल्लिनाथ म्हणाला. "आपण दहा रुपयांत कुठं जाता येईना म्हणून घरी बसलोय, आणि आपलं पाणी फुकटात परराज्यात निघालंय!"

"म्हणजे दार उघडंच आहे," युसरा हळूच म्हणाली. "म्हणजे काका खोटं..."

"थांब," अर्पितानं तिला अडवलं. "ते काय आहे?"

पाइपाच्या तोंडाशी एका फांदीला हिरव्या कापडाची चिंधी अडकली होती. युसरानं ती सोडवून पिळली आणि काठावर बोट फिरवलं. तिची अम्मी घरी साड्यांना फॉल लावायची. कापडातलं तिला बरोबर कळायचं.

"हा इरकलीचा काठ आहे. कोरी साडी, एकदाही न नेसलेली. ही पाइपातूनच आली. पण कोरी इरकल तलावात कोण टाकेल?"

मल्लिनाथनं कपाळावर हात मारला. "अण्णांनी टाकली! जलपूजनाच्या दिवशी! मी होतो की तिथं!"

"तू कशाला गेला होतास?"

"पेढे होते."

मग त्यानं सगळं सांगितलं. तलाव भरला की सोसायटीचे अध्यक्ष शंभुलिंगअण्णा दरवर्षी त्याची ओटी भरायचे. साडी, खण, नारळ, तांदूळ पाण्यात सोडायचे. गेल्या वर्षी ती ओटी तरंगत काठाला आली आणि कुत्र्यांनी साडी फाडली. लोक हसले. म्हणून यंदा अण्णांनी साडीत नारळ गुंडाळला, वर चांगला पाटीएवढा चपटा दगड बांधला, आणि ते गाठोडं काठावरून नाही, थेट दाराच्या मनोऱ्यावरून सोडलं.

"तेव्हा दार उघडं होतं?" अर्पितानं विचारलं.

"हो! फोटोत पाणी वाहताना दिसायला पाहिजे म्हणून उघडायला लावलं होतं. आणि लगेच मिटायला सांगितलं."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. दगडानं जड झालेलं गाठोडं बुडालं असणार, वाहत्या पाण्यानं ते दाराखाली ओढलं असणार, आणि दार खाली आलं ते थेट त्याच्यावर!

ते धावतच काकांकडे गेले. काकांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"चाक अडलं की दार मिटलं. पंचवीस वर्षं म्या असंच वळखतो. त्या दिवशीबी अडलं होतं."

"किती फेऱ्यांनी अडलं?"

"फेरे कोण मोजतंय, पोरी?"

"आत्ता फिरवून बघता येईल?"

"कुलूप हाय न्हवं? चावी अण्णांकडं."

शंभुलिंगअण्णांचं मुरुमच्या पेठेत खताचं दुकान होतं. त्यांनी मुलांचं बोलणं अर्ध्यातच तोडलं.

"माझ्या ओटीमुळं तलाव गळतोय? अरे, ओटीनं तलाव भरतो! बब्रुवाननं शिकवून पाठवलं काय? जावा, फटाके उडवा!"

मुलं बाहेर आली. सैफचा चेहरा पडला होता.

"अण्णा ऐकणार नाहीत," युसरा म्हणाली.

"आपलं नाही ऐकणार," अर्पिता म्हणाली. "पण स्वतःचं ऐकतील. मल्ल्या, पूजेचं शूटिंग कुणी केलं होतं?"

"अण्णांच्याच मोबाइलवर आहे. भाषणासकट."

"चाक दिसतं त्यात?"

मल्लिनाथनं क्षणभर डोळे मिटले. मग त्याचा चेहरा उजळला. "भाषणाच्या मागं काका चाकच फिरवत होते! थांबा, हे काम माझं."

तो एकटाच दुकानात शिरला. "अण्णा, चुकलं आमचं. पण तुमचं जलपूजनाचं भाषण लई भारी झालं होतं. उद्या बैठकीत सगळ्यांना दाखवायचं का? युसराचे मामू मोठा स्पीकर आणतील. फुकटात!"

अण्णांनी मिशीवरून हात फिरवला. "तसं... लोकांचा आग्रहच असेल तर..."

पाच मिनिटांत मल्लिनाथ बाहेर आला. "उद्या अकरा वाजता," तो म्हणाला. "आणि पेढाही दिला."

रविवारी बांधावर चाळीसेक माणसं जमली. युसराचे शब्बीरमामू स्पीकर घेऊन आले होते. विहिरीत पडलेल्या मोटारी काढणं हा त्यांचा धंदा. अर्पितानं सांगितलं होतं म्हणून त्यांनी दोर आणि लोखंडी गळही आणला होता. बब्रुवानकाका एका बाजूला हात बांधून उभे होते. धुरपदाबाई खोलीच्या दारातून हलली नव्हती.

स्पीकर खरखरला. शब्बीरमामूंनी अण्णांचा मोबाइल सगळ्यांना दिसेल असा उंच धरला. माणसं भोवती दाटली. पडद्यावर अण्णा बोलत होते, आणि त्यांच्या खांद्यामागं बब्रुवानकाका चाक फिरवत होते.

"एक! दोन! तीन!" सैफ मोठ्यानं मोजायला लागला.

"ए पोरा, भाषण ऐकू दे!" अण्णा ओरडले.

"अण्णा, दार उघडायला किती फेरे लागतात ते मोजतोय," अर्पिता म्हणाली. "तुमच्याच समोर मोजतोय."

कुणीतरी हसलं. एका म्हाताऱ्यानंही मोजायला सुरुवात केली. "दहा... अकरा... बारा!" चाक थांबलं. पडद्यावर अण्णांनी हिरवं गाठोडं खाली सोडलं. डुबुक! मग त्यांचाच आवाज आला, "मीट रे आता!"

चाक उलटं फिरायला लागलं. आता सगळा बांध मोजत होता. "सात! आठ! नऊ!"

चाक अडलं. पडद्यावरचे बब्रुवानकाका वाकून खाली बघायला लागले. तेवढ्यात अण्णांचा आवाज स्पीकरमधून घुमला, "हात काढ रे त्याच्यावरनं! बघत काय बसलास? फोटो काढायचाय!"

माणसं वळून अण्णांकडे बघायला लागली.

"उघडताना बारा," अर्पिता म्हणाली. तिचा आवाज जराही हलला नाही. "मिटताना नऊ. तीन फेरे राहिले. तेव्हापासून दार तीन फेरे उघडंच आहे. काकांनी ते उघडलेलं नाही." युसरानं हिरवी चिंधी पुढं केली. "आणि ही तुमच्या ओटीची साडी, अण्णा. पाइपाच्या तोंडाशी सापडली."

अण्णांनी चिंधी हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली. मग खिशातून चावी काढली आणि कुलूप उघडलं.

"बब्रुवान," ते म्हणाले, "फिरव बाबा."

काकांनी दार चार फेरे वर घेतलं. शब्बीरमामूंनी मनोऱ्यावरून गळ सोडला. एकदा रिकामा आला. दुसऱ्यांदाही रिकामा! तिसऱ्यांदा दोर ताठला.

"पकडा रे! जोर लावा!"

सात-आठ जणांनी दोर ओढला, आणि चिखलानं काळं पडलेलं गाठोडं धप्पकन बांधावर आलं. साडी फाटली होती, पण दगड जिथल्या तिथं घट्ट बांधलेला होता.

"गाठ मात्र पक्की मारली होती, अण्णा!" मामू म्हणाले आणि सगळा बांध हसला. अण्णाही, थोड्या उशिरानं, हसले.

काकांनी चाक फिरवलं. या वेळी ते सातव्या फेऱ्याला अडलं. सैफ आणि मल्लिनाथ तोवर सायकलवरून पाइपाच्या तोंडाशी पोचले होते. पंधरा मिनिटांनी ते धापा टाकत परतले. "धार बंद! थेंबही नाही!"

शंभुलिंगअण्णा पुढं झाले. त्यांनी बब्रुवानकाकांचा हात धरून त्यात चावी ठेवली.

"सगळ्यांदेखत आळ घेतला, सगळ्यांदेखतच सांगतो. चूक माझी होती. ओटी भरायची, पण इथून पुढं दाराजवळ काही सोडायचं नाही. लिहून घ्या रे." मग ते मुलांकडे वळले. "आम्ही चाळीस माणसं आठ दिवस नुसते एकमेकांकडे बोट दाखवत होतो. तुम्ही पोरांनी मोजून बघितलं. शाब्बास!"

"तुमच्या भाषणाचीच मदत झाली, अण्णा," मल्लिनाथ गंभीरपणे म्हणाला.

बब्रुवानकाका मुलांजवळ आले. त्यांनी चौघांच्या डोक्यावर एकेकदा हात ठेवला आणि चावी कनवटीला खोचली.

"झाली न्हवं बैठक?" धुरपदाबाईनं दारातून हाक मारली. "मग आधी पोरांना जेवू द्या!"

ज्वारीच्या गरम भाकरी, शेंगाची चटणी आणि दही. मुलं खोलीतच मांडी घालून बसली. काकाही त्यांच्या पंगतीला बसले. गुरुवारपासून त्यांच्या ताटातली भाकरी निम्मी तशीच परत जायची, असं धुरपदाबाई युसराला हळू आवाजात सांगत होती. तेवढ्यात काकांनी ताट पुढं सरकवलं.

"आणखी एक वाढ," ते म्हणाले. "लई भूक लागलीय."