बाराच्या वरची माणसं

"उन्हाच्या पारी गेलास रं, सावली घेऊन,
आता कुणाच्या सावलीत मी बसू रं येऊन?"

सारिका तेव्हा सहा-सात वर्षांची असेल. गोदामावशीचा नवरा उसाच्या ट्रॉलीखाली सापडला आणि मावशीनं अंगणात बसून असा हेल काढला, की भाकरी थापणाऱ्या बायकांचे हात जागीच थांबले. पिठाच्या हातांनीच त्या धावत आल्या. एकेकजण मावशीच्या गळ्यात पडे आणि तिच्या ओळीला आपली ओळ जोडी. कुणी गेलं की गावाला असंच कळायचं. आधी आवाज यायचा, मागनं माणसं यायची.

आता सारिका सत्तरीला टेकली होती आणि तांबवाडीत कुणी गेलं तरी कानोकान खबर लागत नव्हती. मयत गावामागच्या रस्त्यानं निघे, दार लोटावं तशी हलकेच. रडायला बंदी नव्हती. बाराच्या वरचं माणूस ऐकण्याच्या टप्प्यात असेल तर मोठ्यानं रडायला बंदी होती, आणि असं माणूस नाही असं घर गावात कुठं होतं?

बारा म्हणजे काय, हे शहरातून महिन्याला येणाऱ्या डॉ. अन्वी कर्णिकनं तिला पहिल्याच भेटीत समजावलं होतं.

"आजी, हृदय रक्त ढकलतं ते धक्क्याधक्क्यानं. तरुणपणी मोठी धमनी लवचीक असते. धक्का आला की ती जराशी फुगते, त्याचा जोर स्वतःच्या अंगावर घेते आणि रक्त सावकाश पुढं सोडते. मेंदूत केसाएवढ्या बारीक वाहिन्या असतात, त्यांच्यापर्यंत नुसती झुळूक पोचते. वय झालं, दाब वाढला, की ही धमनी ताठ होते. मग मधे जोर सोसणारं कुणी राहत नाही. धक्का थेट मेंदूत जाऊन आदळतो. त्यानं बारीक वाहिन्या खराब होत जातात. कधी एखादी तुंबते, कधी फुटते. त्यालाच आपण झटका म्हणतो."

"आन् ह्या मनगटावरच्या पट्ट्याला आतलं कसं कळतं?"

"प्रत्येक ठोक्याबरोबर धमनीच्या भिंतीतून एक लाट धावते. भिंत मऊ असली तर लाट रमतगमत जाते, ताठ असली तर पळत सुटते. पट्टा तिचा वेग मोजतो. सेकंदाला सहा-सात मीटर म्हणजे तरुण धमनी. बाराच्या वर गेलं की जपायचं. तुमचा आकडा चौदा आहे."

"म्हंजे माझ्यातलं एवढं एकच अजून पळतंय म्हणा की."

डॉक्टरीण हसली होती. गावात त्या आकड्याला ताठा म्हणत. पाणवठ्यावरच्या थट्टा आता आरोच्या मशिनपाशी चालत. "हिचा ताठा जन्मापासनंच पंधराचा," असं कुणी म्हटलं की सगळ्या खिदळत, पण तोंडावर पदर धरून, आवाज न करता.

पुढचं काम कायद्यानं केलं. अचानक कानावर आलेली वाईट बातमी रक्ताचा दाब उसळवते, आणि ताठ धमनीत ती उसळी जिवावर बेतते. तेव्हा शिरेतली मऊ उशी झिजली असेल तर घरात एक उशी ठेवा, असं ठरलं. बाराच्या वरच्या माणसाच्या घरी भिंतीत एक यंत्र बसे. लोक त्याला उशीच म्हणत. फोन, बातम्या, टपाल, सगळं तिच्यातून गाळून येई. वाईट असेल ते आकडा उतरेपर्यंत ती अडवून ठेवी. तिनं खोटं बोलायचं नाही, फक्त थांबवायचं, असा नियम होता. खोटं बोलायचं काम घरच्यांकडं राहिलं. आणि देशात झटक्यानं मरणारी माणसं निम्म्यावर आली, हेही तितकंच खरं होतं. म्हणून कुणाला तक्रार करायला तोंड नव्हतं.

सारिकाचा एकुलता मुलगा राजवीर समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या दुरुस्तीवर होता. दिवाळीनंतर कामावर गेला तो गेलाच. त्याचा फोन नाही की काही नाही.

"राजवीर यांचा निरोप सध्या उपलब्ध नाही," उशी मधाळ आवाजात सांगायची.

"रेंज नसते, आत्ती, लांब समुद्रात," सून ऋतुजा म्हणायची. सासूला आत्ती म्हणायची त्या भागातली रीत. हे म्हणताना तिचा हात काही ना काही पुसत असायचा. कट्टा, ताटली, नाहीतर कोरडंच भांडं. मधे पंधरा दिवस ती माहेरी जाऊन आली होती.

सारिका रात्रंदिवस कान लावून बसे. ठाऊक नसलेल्या गोष्टीचं भय ठाऊक असलेल्या गोष्टीपेक्षा जास्त पोखरतं. तिचा आकडा पंधरावर गेला.

"आकडा उतरला की तुम्हाला सगळं कळेल, आजी," डॉक्टरीण म्हणाली.

"कळलं की आकडा उतरंल, बाई."

डॉक्टरीण खाली बघत पट्टा चाचपत राहिली.

मग होळी आली. ऋतुजानं पहाटे उठून पुरण शिजवलं, वाटलं, पोळ्या लाटल्या. घरभर वेलदोड्याचा वास सुटला. सारिका नैवेद्याचं ताट वाढत होती, तेवढ्यात शेजारची वैष्णवी आली. पन्नास वर्षांपासूनची शेजारीण. हातात ताट, ताटावर धुतलेला रुमाल आणि रुमालाखाली पुरणपोळ्या.

ज्या घरात वर्षाच्या आत कुणी गेलं असेल, त्या घरात सणाला गोड रांधत नाहीत. शेजारणी आपल्या घरचं ताट झाकून आणून देतात. वैष्णवीनं जन्मभर हेच केलं होतं. तिनं तोंडाला कुलूप घातलं होतं, पण हातांना सांगायचं राहिलं. उंबऱ्यात पाऊल पडल्यावर तिला तव्यावरच्या पोळीचा वास आला आणि ती तिथंच थिजली.

"जास्त झाल्या गं," ती म्हणाली. "म्हटलं टाकायच्या कशाला."

"बरं केलंस," सारिका म्हणाली. तिनं ताट घेतलं. पोळ्या काढून घेतल्या, रिकाम्या ताटात साखरेची चिमूट ठेवली आणि परत दिलं. भिंतीतली उशी गप्प होती. अशा ताटाची भाषा तिला कुणी शिकवली नव्हती.

ऋतुजा तव्यापाशी पाठमोरी उभी होती. पोळी करपली तरी तिनं उलटली नाही.

त्या रात्री सारिका भिंतीकडं तोंड करून निजली. पदराचा बोळा तोंडात धरला आणि श्वास मोजून मोजून घेतला, दाब चढून पट्टा पिवळा होऊ नये म्हणून. सकाळी उठून तिनं विचारलं, "काय गं, रेंज आली का त्याला?" ऋतुजाच्या चेहऱ्यावर तेव्हा जी सुटका दिसली, ती बघून सारिकानं ओठ मिटले ते मिटलेच. तिला वाटलं, पोरीला एवढा एकच आधार उरलाय, आपल्याला काही ठाऊक नाही हा. तो कशाला काढून घ्या?

दोघी एका ताटात जेवत, एका दिव्याखाली बसत, आणि एकाच माणसासाठी वेगवेगळ्या खोल्यांत रडत.

उन्हाळा सरता सरता डॉक्टरीण आली. पट्टा बघून चकित झाली.

"साडेअकरा. असं कसं झालं?"

"तुम्हीच सांगा. शिकलेल्या तुम्ही."

"धमनीचा थोडा ताठा तिच्या भिंतीतच मुरलेला असतो, तो जात नाही. थोडा मात्र रोजच्या ताणाचा, दाबाचा असतो. तो उतरू शकतो." तिनं सारिकाला बाहेर ओट्यावर नेलं, शेजारी बसवलं आणि तिचा हात हातात घेतला. "आजी, आता कायद्यानं मी तुम्हाला सांगू शकते. राजवीर..."

"गेला. ठाऊक हाय मला. होळीपासनं."

डॉक्टरीण हलकेच म्हणाली, "मग एक ऐका. मी ऋतुजाचाही पट्टा बघितला. चाळिशी गाठली नाही तिनं, आणि तेरा. महिनोन्महिने दाब साठला की कमी वयातही धमनी ताठरते. आजपासून उशी तिच्यासाठी चालेल. तुम्हाला कळलंय हे तिला सांगू नका, तोही तिला धक्काच. तिच्यासमोर रडूही नका. आकडा उतरेपर्यंत."

"म्हंजे आता माझं रडणं तिच्या आकड्यावर."

"थोडे दिवस, आजी."

"तिनं थोडेच दिवस म्हणून सुरवात केलती, बाई. तिचं काय झालं बघा."

"तिला काही झालं तर?"

डॉक्टरिणीची गाडी वळणाआड गेली तशी सारिका आत आली. ऋतुजा मेथी निवडत होती. सारिका तिच्यासमोर फतकल घालून बसली, जुडीतली एक काडी उचलली, खुडली, आणि म्हणाली,

"ऋतुजा, राजवीर गेलाय. मला ठाऊक हाय. तू आता लपवू नगंस."

ऋतुजाच्या मनगटावरचा पट्टा पिवळा झाला. "कृपया हे संभाषण थांबवा," उशी म्हणाली. सारिकानं दोन्ही हातांनी सुनेचं मनगट धरून ठेवलं. तिला वाटलं, आता पोर गळ्यात पडेल, मोकळी होईल. पण ऋतुजा ताठ बसून राहिली. पट्टा लाल झाला.

"तुम्हाला सगळं ठाऊक न्हाई, आत्ती."

"राहू दे गं. श्वास घे आधी."

"तो चक्कीवरनं पडला तवाच नव्हता गेला. दवाखान्यात होता. मी माहेरी म्हणून गेले ना, ते तिथं. शुद्धीवर होता. तिथले डॉक्टर म्हणाले, आईंचा आकडा चौदा आहे, त्यांना आणायचं का, ते तुम्ही ठरवा." तिचा आवाज अगदी शांत होता, उशीसारखा. "मी नको म्हटलं. तो रोज विचारायचा, आई निघाली का. मी सांगायचे, निघाल्यात."