सहीविना दहा दिवस

मुलाखत घेणारे एक सर धुक्यात अडकले आणि त्यांच्या खुर्चीवर उत्कर्षाला बसवलं, एवढंच निमित्त. उत्तरेकडच्या जानकीपुरममधल्या एका क्लासमध्ये ती राज्यशास्त्र शिकवायची. सनदी परीक्षेच्या सराव-मुलाखतीला समोर आला चारुदत्त. कडक इस्त्रीचा कोट, आणि आतून डोकावणारा आईच्या हातचा स्वेटर.

“कार्यकारी सत्ता कुणाची मोठी? अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाची की आपल्या पंतप्रधानांची?”

“डिपेंड करता है, मॅडम. तिकडचा चार वर्षं हलत नाही, पण तिथल्या संसदेनं, काँग्रेसनं, अडवलं की हात चोळत बसतो. आपले पंतप्रधान बहुमत असेतो हवं ते करून घेतात... आणि बहुमत गेलं की बंगला आवरायला घेतात.”

“तुम्हाला कुठली खुर्ची आवडेल?”

“जिथून कुणी उठवणार नाही, वो वाली.”

सगळे हसले. तेवढ्या वेळात त्यानं मुलाखत मंडळाच्या अध्यक्षांकडे एकदा बघितलं आणि उत्कर्षाकडे सहा वेळा. तिनं मोजलं होतं. म्हणजे तीही बघतच होती.

मग क्लासबाहेरच्या टपरीवर रोजचा चहा सुरू झाला. ती मराठीत बोलायची, तो हिंदी मिसळून उत्तरं द्यायचा. तिचे हात गार पडले की स्वतःचा मातीचा गरम कुल्हड तिच्या हातात द्यायचा. ती त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी होती. तो विषय मात्र दोघांपैकी कुणीच काढत नव्हतं.

जानेवारीत आठवडाभर ऊन दिसलं नाही. त्यातल्याच एका दुपारी तो म्हणाला, “आई साताऱ्याची एक लडकी देख रही है.”

“आणि तू?”

“मैं तो... यार मॅडम, आपको पता है ना.”

“मला पता असून काय उपयोग? तुझ्या आईला सांग. करशील माझ्याशी लग्न?”

तो चहाकडे बघत राहिला.

“विधेयकावर सही करायला आपल्या घटनेनं राष्ट्रपतींना मुदत घालून दिलेली नाही,” ती हसून म्हणाली. हसू जरा कोरडंच होतं. “म्हणून तुला अमेरिकेतली मुदत देते. दहा दिवस.”

“संडे पकडके?”

“रविवार सोडून.”

दहा दिवस गेले. तो रोज आला, चहा प्यायला, धुक्याबद्दल बोलला. तिनं विचारलं नाही. रात्री मात्र फोन उशाशी घेऊन झोपायची. झोपायची म्हणजे... पडून राहायची.

रविवार सोडून अकराव्या दिवशी तो पेढे घेऊन आला. चेहरा उजळलेला.

“मुबारक हो, मॅडम! सभागृह चालू असताना दहा दिवसांत सही केली नाही, विधेयक परतही पाठवलं नाही, तो कानून बन गया. तुमच्याच नोट्समध्ये आहे.”

वेडा! केवढं लक्ष देऊन वाचलंय यानं. तिनं पेढा घेतलासुद्धा.

“आईंना सांगितलंस?”

“अब बताना क्या... हो ही गया ना.”

पेढा तिच्या हातातच राहिला.

“चारू, राष्ट्राध्यक्ष सहीविना कायदा होऊ देतो तो कधी, माहितेय? अडवायचंही नसतं आणि अंगावरही घ्यायचं नसतं, तेव्हा.” तिनं पेढा परत खोक्यात ठेवला. “आपल्याकडच्या पंतप्रधानाला सभागृहात उभं राहावं लागतं. सगळ्यांसमोर. ओरडा खात. मला तसा हवाय रे... फार नाही, एकदा उभा राहा.”

त्याचे डोळे भरले. खोटे नव्हते, तेवढं तिला कळत होतं. तिनं त्याच्या कोटाची वर वळलेली कॉलर नीट केली. त्यानं तिचं मनगट धरलं, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं —

आणि त्याचा फोन वाजला. पडद्यावर ‘आई’.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली. घे. हीच वेळ आहे.

त्यानं फोन कानाला लावला. दीड महिन्यात पहिल्यांदाच तो तिच्यासमोर स्वच्छ मराठीत बोलला.

“हो आई... नाही गं, कुणी नाही. लायब्ररीत आहे.”

उत्कर्षानं हलकेच मनगट सोडवून घेतलं आणि रस्त्यावरच्या ई-रिक्षाला हात केला.