कबनूरमध्ये रेंज कुठे अडली?

"सगळं पुसून नवं टाकायचं. दुसरा इलाज न्हाय," असं म्हणत सयाजी दुरुस्तीवाल्याने पिशवीतून सीडी काढली, आणि आयेशाने हातातला घास ताटात ठेवून लॅपटॉप आपल्याकडे ओढला.

लॅपटॉप तिच्या मोठ्या बहिणीचा, जरीनाआपाचा होता. जरीना परीक्षेसाठी पुण्याला गेली होती. साड्यांच्या काठांच्या ज्या नक्ष्या तिने वर्षभर खपून काढल्या, त्या फक्त याच लॅपटॉपमध्ये होत्या. घरातला एकमेव पेन ड्राइव्ह तिच्यासोबत गेलेला, आणि संध्याकाळपर्यंत तिचा फोन बंद.

गेल्या आठवड्यापासून घरात इंटरनेट धड चालत नव्हते. अब्बा म्हणजे लालासाब यांना सूत व्यापाऱ्यांचे ईमेल बघायचे असत. त्यांनी शाहूपुरीतून सयाजीला बोलावले. सयाजीने लॅपटॉप उघडला, पडद्यावर नेहमीच्या प्रणालीऐवजी लिनक्स दिसले आणि त्याचे निदान झाले.

"ह्याला वायरलेसची रेंज पकडताच येत न्हाय," तो म्हणाला. याहून जास्त त्याने काही तपासले नाही.

आयेशाने चहा होईपर्यंतचा वेळ मागून घेतला. तिच्या मदतीला शेजारची दीप्ती आणि चुलतभाऊ अबुजर होते.

"मागच्या महिन्यात ह्याच लिनक्सवर आपण खेळ उतरवून घेतलेला की," दीप्ती म्हणाली. "तवा कशी आली रेंज?"

जरीनाने आयेशाला एक आज्ञा शिकवली होती. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत ती टाइप केली की सिग्नलचा जोर आकड्यात दिसे. आत्ता तो सत्तरपैकी जेमतेम अठरा होता. रेंज सोडणारा राउटर पुढच्या ऑफिसात होता. तिघे लॅपटॉप घेऊन त्या दिशेने निघाले. अंगण ओलांडले, यंत्रमागांच्या शेडच्या कडेने गेले. आकडा थोडासाच वाढला. राउटरपासून हातभर अंतरावर उभे राहिल्यावरही तो तिशीच्या पुढे सरकेना.

"पार उशाला येऊन बसलो तरी रेंज न्हाय," अबुजर म्हणाला. "राउटरच मेलाय. थांब, दिवे बघतो."

राउटर जाळीच्या कपाटात होता. मागांवरून उडणारा कापसाचा तूस, म्हणजे बारीक तंतू, कबनूरमध्ये कुठेही जाऊन बसतो. त्याने राउटरची भोके बुजली, तेव्हा गेल्या आठवड्यात अब्बांनी तो दूधदुभते ठेवायच्या जुन्या कपाटात हलवला. तारेच्या बारीक जाळीतून हवा येईल, तूस येणार नाही, असा त्यांचा विचार होता.

अबुजरने कपाटाचे दार उघडले. आयेशाने आज्ञा पुन्हा दिली. आकडा साठच्या वर गेला.

"दार लाव," ती म्हणाली. आकडा घसरला. "उघड." परत वर.

"म्हणजे राउटर आपण कोंडून ठेवलाय," दीप्ती म्हणाली. "तारंची जाळी रेंज अडवतीया."

अबुजरला दार लावून कपाटापाशीच थांबायला सांगून दोघी आतल्या खोलीत परतल्या, पण सयाजीला हे पटले नाही. जाळीला एवढी भोके असताना रेंज कशी अडेल, असे तो हसून म्हणाला. आयेशाने वाद घातला नाही.

"मामा, तुमचा लॅपटॉप हितं चालू करा. त्यात तर लिनक्स न्हाय न्हवं?"

आतल्या खोलीत त्याच्या लॅपटॉपवर रेंजची एकच कांडी उभी होती. दीप्तीने ऑफिसातल्या अबुजरला हाक दिली. त्याने दार उघडले आणि भराभर सगळ्या कांड्या उभ्या राहिल्या. सयाजीने मान डोलावली आणि सीडी पिशवीत टाकली.

लालासाबांनी स्वतः कपाटाचे दार एकदा लावून, उघडून बघितले. "चूक माझी," ते म्हणाले, "आणि शिक्षा जरीनाच्या कामाला देत होतो. शाब्बास रे पोरांनो."

तुसाचे काय करायचे, हा प्रश्न उरलाच होता. राउटर बाहेर ठेवून वर झिरझिरीत कापड टाकावे, असे दीप्तीने सुचवले. लालासाबांनी लगेच मलमलीचा तुकडा फाडून दिला. कापडाच्या गावात हे आपल्याला आधी सुचायला हवे होते, असेही कबूल केले.

संध्याकाळी जरीनाचा फोन आला. पेपर कसा गेला हे सांगायच्या आधीच तिने विचारले, लॅपटॉपला कुणी हात तर लावला नाही ना?

अब्बांनी आयेशाकडून फोन घेतला.

"लावणार होतो," ते म्हणाले. "ह्या तिघांनी माझा हात धरला. तुझ्या नक्ष्या जाग्यावर हायत."