ओळखीआधीचे शब्द

मंगळावरच्या अरुणपूर वसाहतीत त्या दिवशी पहिल्यांदाच एका घरातला संगणक आंतरजालाला जोडला जाणार होता. पृथ्वीवरही ही बातमी गाजली होती. घर होतं वेणूताई सबनिसांचं, आणि बाईंना संगणक चालू कुठून करायचा तेही ठाऊक नव्हतं. पण भावाच्या हृदयाचं ऑपरेशन आहे असं दिवसातून एकदाच येणाऱ्या-जाणाऱ्या सरकारी टपालातून सकाळी कळलं, तशी त्यांनी जालतज्ज्ञ रुक्साना मुजावरला अक्षरशः हाताला धरून घरी आणलं.

या भावाशी, भालूशी, अकरा वर्षं अबोला होता. वेणूताई मंगळाला निघाल्या तेव्हा तो निरोपाला आला नाही, एवढंच कारण. आधी बोलेल तो हरला, असं दोघांनी मनाशी धरलेलं. भावंडं एकापेक्षा एक हट्टी.

"तिकडे चारला आत नेणार आहेत त्याला. आता तीन दहा झालेत," वेणूताई म्हणाल्या. "लवकर जोड गं बाई."

रुक्सानाने भिंतीवर कालपासून चालू असलेल्या जोडयंत्राची वायर संगणकाला लावली. हिरवा दिवा लागला आणि वेणूताईंचा जीव भांड्यात पडला. रुक्सानाचा चेहरा मात्र उतरला होता.

"काकू, बोलण्याआधी दोन संगणक ओळखविधी करतात. आपला म्हणतो, मी आहे. तिकडचा म्हणतो, ऐकलं. त्यानंतर आपला पहिला शब्द निघतो. पृथ्वीवर हे क्षणात उरकतं. इथून एका खेपेलाच वीस मिनिटं लागतात, आणि खेपा तीन."

"म्हणजे चार दहा." वेणूताई मटकन खुर्चीत बसल्या. मग एकदम म्हणाल्या, "पण नुसतं 'मी आहे' सांगायला कोण जातं? दारातून हाक मारतानाच आपण सांगतो ना, कशाला आलो ते?"

रुक्सानाने चुटकी वाजवली. "पहिल्या हाकेलाच शब्द चिकटवायचे! काकू, होईल हे. नियमाने असे शब्द जोडयंत्र न वाचताच टाकून देतं. इथला नियम मी बदलते. तो एकदा बदलला की असे शब्द जातातही आणि येतातही. पण तुमच्या भावाच्या यंत्राने टाकून दिले, तर आपल्याला कळणारही नाही."

म्हणजे अकरा वर्षांनी पडतं घ्यायचं, आणि तेही वाया जायचं. वेणूताईंनी कळफलक जवळ घेतला. "असू दे. लिहिते."

एका बोटाने त्यांनी लिहिलं: भालू, मी वेणू. चूक माझी. बरा हो.

तीन पंधराला पत्र निघालं. मिनिटभरात पडद्यावर अक्षरं उमटली.

"उत्तर आलं बघ," वेणूताई म्हणाल्या.

"शक्यच नाही, काकू. हे तुमच्या पत्राच्या आधीच तिकडून निघालंय."

वेणू, भालू बोलतोय. सकाळपासून हे पाचवं पत्र. चूक माझीच होती. ऑपरेशनची भीती वाटते.

"आधीची चार आपल्याच जोडयंत्राने टाकून दिली असणार," रुक्साना हळूच म्हणाली. वेणूताईंच्या डोळ्यांना धार लागली होती. रुक्सानाने पत्र पुन्हा वाचलं आणि ती ताडकन उठली. "काकू, ओळखविधी न करता यांचे शब्द आले. म्हणजे त्यांनीही तिकडचा नियम बदललाय. तुमचं पत्र ते वाचणार, तीन पस्तीसला!"

वेणूताईंनी पदराने डोळे पुसले आणि खुर्ची पुढे ओढली. "मग अजून एक जाईल ना वेळेत?"

या वेळी बोट जरा भराभर चाललं: भालू, आधी तू बोललास. मी जिंकले. आता मुकाट्याने आत जा, मी इथे बसलेय.