रापणीतला वाटा

वायरीच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे गावाचं मोठं जाळं, ओढताना दोरीला हात लावला, की वाटा मिळतो. वाटसरू असला तरी मिळतो. नाकारला, तर रापणकरांचा अपमान होतो. मी शाळामास्तर. १९६४च्या मार्चात, एका रविवारी सकाळी, हौसेने दोरी ओढायला गेलो. कुठून बुद्धी झाली देव जाणे!

जाळ्यात बांगडे थोडे आणि मधोमध घागरीएवढा धातूचा गोळा. आदल्या दिवशी भरदुपारी समुद्रातल्या किल्ल्यापलीकडे काहीतरी जळत पडलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. गोळ्यावर परकी अक्षरं होती. जाळ्यात आलं ते सगळ्यांचं, म्हणून बाबली रापणकराने लोहाराकडून त्याचे तुकडे करून घेतले.

"मास्तरानू, हो तुमचो वाटो."

"मी पत्र्याचं काय करू रे?"

"दोरयेक हात लावलास मा? मगे नको कशाक म्हणतास?"

घेतला. मीच घरी नेला.

माझी बायको आनंदी तेव्हा पाच महिन्यांची पोटुशी होती, लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच. तुकडा कोमट लागायचा. फडक्यात गुंडाळून ती कंबर शेकायची. "बरा वाटता ओ," म्हणायची.

तिसऱ्या दिवशी मी घड्याळ लावून बघितलं. तुकडा दर दीड तासाने तापत होता आणि निवत होता. बाबलीचा, लोहाराचा, सगळ्यांचे एकाच मिनिटाला. जणू वरून कुणीतरी फेऱ्या घालत होतं.

पेपरात वाचलं होतं, बड्या राष्ट्रांनी आभाळाच्याही वर अणुबाँब फोडून पाहिले, आता तिथे ते फिरते ठेवायचं घाटतंय. मेल्यांनो, तुमच्या भांडणात माझी आनंदी कशाला? मी सरकारकडे अर्ज केला. "साहेब इलो," बाबली सांगत आला. जीपमधून उतरलेला साहेब तुकडे पेटीत भरू लागला.

"बोटीचं पिंप असेल, मास्तर. अफवा पसरवू नका."

"मग हातमोजे कशाला घातलेत?"

त्याने पेटीला कुलूप लावलं. जीप गेली. थोड्या वेळाने आनंदीने पोटावर हात ठेवला.

"अजून तापता ओ," ती म्हणाली.

जुलैत मथुरा झाली. धडधाकट, पण रडली नाही. पुढे बोललीही नाही. चालायला लागली तशी दर दीड तासाने खेळ टाकून थांबायची, आणि वर बोट दाखवून ते मावळतीकडून उगवतीकडे सावकाश न्यायची. घरात असली तरी. वर कौलांखेरीज काही नसायचं. मी वेंगुर्ल्याच्या डॉक्टरांकडे नेली. ते म्हणाले, बोलेल हो.

आता ती अडीच वर्षांची आहे. काल पेपर आला. राष्ट्रांनी सह्या केल्या, की अणुबाँब अवकाशात ठेवणार नाही. ठेवणार नाही म्हणे! मग माझी पोर इतके दिवस काय दाखवतेय? माझं डोकं फिरलं. आनंदी मात्र आनंदाने रडली. "संपला गो बाय," ती मथुरेला म्हणाली.

मथुरा अंगणात करवंटीत वाळू भरत होती. वेळ झाली. करवंटी ठेवून तिने हात उचलला.

बोट आमच्या माडाच्या शेंड्यापर्यंत आलं.

थांबलं.

मग सरळ खाली येऊ लागलं.

"इलो," मथुरा म्हणाली. तिचा पहिला शब्द.