पिठावरची हाक

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या रे. ही गोष्ट माझ्या शेजारणीची, कांचघर मोहल्ल्यातल्या पार्वताबाईची आहे. तिनं मला स्वतः सांगितली. ती खोटं बोलणारी बाई नाही. मीही नाही.

दोन हजार सोळा साल. सर्वपित्रीची आदली रात्र, गुरुवार. पार्वताबाईनं दुसऱ्या दिवशीच्या स्वयंपाकाचं पीठ परातीत चाळून ठेवलं, दाराला कुलूप घातलं आणि ऑटोनं शहरातल्याच ओमती भागात निघाली. काम साधं होतं. आपलं रडणं परत मागायचं होतं.

वर्षापूर्वी तिची तरणी पोरगी, शकू, तापानं गेली. आपल्या बाया मेलेल्याला नाव घेऊन बोलावतात, हेल काढून रडतात. पण तिरडी उचलेपर्यंतच. पुढं त्या सुरात हाक मारायची नाही. निघालेला जीव मागं वळतो. त्या रात्री शकूच्या जागेवर पीठ पसरलं, शेजारी दिवा ठेवला, वर टोपली झाकली. पिठात पाऊल उमटलं तर जीव घरातच अडकला म्हणायचा. सकाळी पीठ कोरं निघालं. पोरगी अडकली नाही, एवढंच समाधान त्या आईच्या पदरात उरलं होतं.

आणि तिरडीभोवती रडणाऱ्यांच्या गर्दीत आमच्याच गल्लीतला रत्नाकर खिशात रेकॉर्डर चालू ठेवून बसला होता.

त्यानं मित्रांबरोबर ओमतीत संस्था काढली होती. तिकीट नाही, नफा नाही, गाणंही नाही. पंख्याची घरघर, रुळांचा खडखडाट, नळाची टिपटिप लोकांना अंधारात बसवून ऐकवायची. ऐकवा बापडे. पण आईचा टाहो म्हणजे नळाची टिपटिप आहे का? शेजारची विनीता तालीम ऐकून आली आणि तिनंच सांगितलं, काकू, तिथं तुमचं रडणं वाजते.

संस्थेच्या माडीवरच्या हॉलमध्ये लोक येऊन बसले होते. रत्नाकर गोड हसला.

"काकू, हे आर्ट आहे. तुमचं नाव कुठंच नाही दिलं, कसम से."

"माह्या नावाचं काय घेऊन बसला? मी तिले बोलावून राहिली त्यात. बंद कर."

"बस एक बार, काकू. लोग आ गए हैं।"

त्यानं तिला खुर्चीत बसवलं. परका असता तर मी सोडून दिलं असतं. हा आपला. तिचा शब्द न् शब्द त्याला कळत होता.

मधोमध कमरेएवढं टेबल. त्यावर आकाशाकडं तोंड केलेला स्पीकर, स्पीकरवर पत्र्याची थाळी, थाळीत पसरलेलं पीठ. आवाजानं पीठ हलतं, रेघा उमटतात, म्हणजे आवाज डोळ्यांना दिसतो म्हणे. उजेडाला शेजारी एक दिवा.

पार्वताबाईनं पीठ पाहिलं. दिवा पाहिला. आपण काय मांडलंय, हे त्या शहाण्याच्या गावीही नव्हतं.

हॉल अंधारला. चारही कोपऱ्यांतून तिचाच आवाज आला.

"शकू... ये वं माय... ये..."

पीठ थरथरलं. रेघा उमटल्या. मोडल्या. पुन्हा उमटल्या.

आवाज संपला.

पीठ हलतच राहिलं...

रत्नाकरनं वायर उपटली.

तरीही...

थाळी हळूच करकरली. कोणी भार दिल्यासारखी. आधी टाच दबली. मग चवडा. मग बोटं...

कोणीतरी ट्यूबलाइट लावली. थाळीत पाऊल होतं. एकच. डावं. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. शकूची तशीच होती.

"किसने किया?" रत्नाकरचा आवाज फाटला.

"तू," पार्वताबाई म्हणाली. "तू बोलावलं तिले. आता तूच सांग, जाय म्हणून."

ज्याला पंख्याची घरघरसुद्धा ऐकवायची हौस, तो वायर टाकून जिन्याकडं पळाला. मग पार्वताबाई उठली.

घरी आली. कुलूप जसंच्या तसं. तिनं दार उघडलं, स्वयंपाकघरातला दिवा लावला.

परातीतल्या पिठात पाऊल होतं.

उजवं.